चांद्रविजय : हेतू आणि फळ

चंद्रावरील स्वारीविषयी निबंध लिहावयास सांगितला, की बहुतेक वह्यांतून एक वाक्य हटकून आढळते : ज्ञानाच्या तळमळीने मानव चंद्रावर गेला. वाक्य सुंदर आहे; परंतु ते अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे सत्य या लहानशा लेखात पाहावयाचे आम्ही योजिले आहे.

१२ एप्रिल १९६१ रोजी सोव्हिएत रशियाच्या युरी गागारिनने पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्यानंतर पाचच दिवसांनी, अमेरिकेच्या पाठबळाने क्यूबाच्या किनाऱ्यावर उतरलेल्या निर्वासितांची स्वारी सुरू झाली आणि दोनतीन दिवसांत ती पुरती फसली. या दोन घटनांनी अमेरिकेची मान खाली गेली. २० एप्रिलला राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी उपाध्यक्ष जॉन्सन यांस एक टिपण धाडले. चंद्रावर कोणते ज्ञान मिळेल, असे त्यात विचारलेले नव्हते. ज्यात आपला विजय होईल असा कोणता अंतराळ-कार्यक्रम आहे, असे विचारले होते. २५ मे रोजी, दशक संपण्यापूर्वी मनुष्य चंद्रावर उतरवून सुखरूप परत आणण्याचा संकल्प त्यांनी काँग्रेसपुढे मांडला. तोवर अमेरिकेच्या पदरी मानवी उड्डाण होते ते एकच, अवघ्या पंधरा मिनिटांचे!

पुढे २१ नोव्हेंबर १९६२ रोजी 'नासा'चे प्रमुख जेम्स वेब यांच्याशी बोलताना, आपल्याला अंतराळात तितकेसे स्वारस्य नाही, असे केनेडी यांनीच स्पष्ट सांगितले. त्या संभाषणाची ध्वनिफीत कालांतराने प्रसिद्ध झाली आहे.

यावर कोणी म्हणेल, "हेतू काहीही असो, फळ तर मिळाले ना?" मिळाले, हे आम्ही आनंदाने मान्य करतो. चंद्रावरून सुमारे ३८२ किलो खडक व माती पृथ्वीवर आली. तेथे ठेवलेल्या परावर्तकांवर प्रकाशझोत सोडून, चंद्र दरवर्षी सुमारे ३.८ सेंटिमीटर दूर सरकत आहे, हे मोजता आले. ज्या शास्त्रज्ञांनी व कारागिरांनी रात्रीचा दिवस केला, त्यांची निष्ठा निर्भेळच होती.

तथापि कार्य किती काळ जगावयाचे, हे हेतूच ठरवितो. २० जुलै १९६९ रोजी शर्यत जिंकली गेली आणि पुढच्याच वर्षी तीन नियोजित चांद्रफेऱ्या रद्द झाल्या. चंद्रावर चाललेल्या बारा जणांत भूशास्त्रज्ञ एकटा हॅरिसन श्मिट. आणि तोही डिसेंबर १९७२ मधील अखेरच्या फेरीत! त्यानंतरच्या पन्नास वर्षांत तेथे मनुष्याचे पाऊल पडले नाही.

घोषणा मात्र थांबल्या नाहीत. चांद्रविजयाला वीस वर्षे झाली त्या दिवशी, २० जुलै १९८९ रोजी, थोरल्या बुश यांनी चंद्रावर परतण्याचा व मंगळ गाठण्याचा मनोदय जाहीर केला. खर्चाचा अंदाज सुमारे ५०० अब्ज डॉलरवर गेला. काँग्रेसने पैसा दिला नाही. २००४ साली त्यांच्या पुत्राने पुन्हा चंद्राची घोषणा केली. २०१० साली ओबामा यांनी ती योजना गुंडाळली. अध्यक्षाची मुदत चार वर्षांची, फार तर आठ. संकल्प मात्र पंधरा-वीस वर्षांनंतरचा. आजची वाहवा आपली आणि उद्याची हुंडी दुसऱ्याच्या नावे, असा हा व्यवहार आहे.

तेव्हा विद्यार्थिमित्रहो, एखादी गगनभेदी योजना जाहीर झाली, की टाळ्या वाजविण्यापूर्वी तीन प्रश्न मनाशी विचारा. पैसा मंजूर झाला आहे काय? पूर्ततेचा काळ कोणाच्या कारकिर्दीत येतो? आणि प्रतिस्पर्धी उद्या शर्यतीतून निघून गेला, तरीही हे काम चालू राहील काय? असा संशय घेणे म्हणजे विज्ञानाची निंदा नव्हे. ज्ञानाचे कार्य राजकारणाच्या लहरीवर सोडू नये, अशी इच्छा धरणारा हा संशय आहे. विज्ञानाचा खरा चाहता तोच बाळगतो, असे आम्हांस वाटते.