ठाणे-कल्याणचं जाळं हाती घेशील तेव्हा

अगं, राऊटिंगचा प्रोटोकॉल नंतर निवड. आधी फायबर कुठून गेलंय ते रस्त्यावर उतरून बघ. नकाशावर ठाणे-कल्याण दोन वाटा दिसतील, आणि दोन्ही केबली शिळफाट्यापाशी एकाच चरात निघतील. तिथे जेसीबी लागला की ओएसपीएफ काय नि आयएस-आयएस काय, दोघंही हात वर करणार. एक वाट मुंब्र्याकडून, दुसरी कशेळी-भिवंडीकडून दुर्गाडीचा पूल ओलांडून आली, तरच जाळ्याला रिंग म्हण.

वाट काढायचं गणित दोघांचं एकच, डायक्स्ट्राचं. त्यामुळे कोण वेगवान, या वादात पडू नकोस. नवं मोठं जाळं असेल तर मी आयएस-आयएस घेईन. तो आयपीवर बसलेला नाही, थेट लिंकवर बोलतो. दुरून कोणी आयपी पॅकेट धाडून त्याला डिवचू शकत नाही. आयपीव्ही६ त्याच्यात नुसत्या नव्या टीएलव्हींनी सामावलं, ओएसपीएफला त्यासाठी वेगळी तिसरी आवृत्ती काढावी लागली. आयएस-आयएसचा ४९ने सुरू होणारा पत्ता बघून दचकू नकोस. तो ओएसआयच्या काळातला वारसा. आयपीची जोड १९९० साली मिळाली.

पण डोंबिवलीच्या नोडवर रात्री दोनला जो पोरगा धावणार, त्याला ओएसपीएफच येत असेल तर ओएसपीएफ ठेव. चालतं जाळं हौसेपायी उकरायचं नसतं.

मेट्रिक मात्र स्वतः लिही. सिस्कोच्या बहुतेक राऊटरांवर ओएसपीएफचा हिशेब मुळात १०० एमबीपीएस धरून होतो, म्हणून १ जीबीपीएस आणि १०० जीबीपीएस दोघांचा खर्च १च. आयएस-आयएस तर सगळ्यांना सरसकट १० देतो. आणि त्याच्या जुन्या मेट्रिकला लिंकमागे ६३ची मर्यादा, तेव्हा वाइड मेट्रिक पहिल्याच दिवशी लाव.

ग्राहकांचे रूट या प्रोटोकॉलच्या आत घेऊ नकोस, ते बीजीपीत. घोडबंदरच्या एका सोसायटीचं कनेक्शन पडलं म्हणून कल्याणच्या राऊटरने कशाला धडपडावं? आत फक्त लूपबॅक आणि मधल्या लिंक.

ओएसपीएफ ठेवलास आणि त्याचा शेजारी एक्सस्टार्ट अवस्थेत अडकला तर आधी दोन्हीकडचा एमटीयू बघ.

राऊटर देखभालीला घेताना आयएस-आयएस असेल तर ओव्हरलोड बिट लाव, ओएसपीएफ असेल तर मॅक्स-मेट्रिक. ट्रॅफिक दुसरीकडे सरकली की मग हात घाल. तो परत उठला तरी बीजीपी पूर्ण भरेपर्यंत बिट काढू नकोस. नाहीतर लूपबॅक दिसतोय म्हणून ट्रॅफिक त्याच्याकडे धावेल आणि पुढची वाट नसल्याने तिथेच गडप होईल.