उन्हाने शिणणारे सौरघट

डिचोलीतील आमच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी कर्ज काढून घरावर तीन किलोवॅटचे सौरफलक बसविण्याचे योजिले होते. हमीपत्रात पहिल्या वर्षी वीज शेकडा दोन-तीनपर्यंत घटण्याची मुभा दिलेली वाचून ते थबकले. उन्हासाठीच घडविलेली वस्तू उन्हानेच कशी शिणावी? मुलगा हा प्रश्न घेऊन आमच्याकडे आला. आम्ही पडलो कलाशाखेचे. पुस्तके चाळून हाती लागले ते येथे मांडीत आहोत.

सौरघटाचे सिलिकॉन क्वार्ट्‌झच्या मुशीत वितळवून त्याचा स्फटिक ओढतात. मुशीतला थोडा प्राणवायू त्यात उतरतो. विद्युत्‌गुण यावा म्हणून त्यात पूर्वीपासून बोरॉनचा अंश मिसळीत आले आहेत. ऊन पडताच बोरॉन व प्राणवायू यांची अशी काही जुळणी होते की, प्रकाशाने मोकळे झालेले इलेक्ट्रॉन तारेपर्यंत पोचण्याआधीच त्या सापळ्यात अडकतात. पहिल्या काही तासांत वा दिवसांत शेकडा एक ते तीन इतकी शक्ती जाते आणि मग ही घट थांबते. १९७३ साली हा दोष शास्त्रज्ञांच्या ध्यानी आला. अंधारात सुमारे २०० अंशांपर्यंत तापविल्यास घट पूर्ववत् होतो. पण छपरावर ते कोण करणार? म्हणून आता बोरॉनऐवजी गॅलियम वापरतात.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्या गणकयंत्रावरील तपकिरी पट्टी बहुधा अस्फटिक सिलिकॉनची असते. तिचे दुखणे अधिक मोठे. स्टेब्लर व व्रोन्स्की यांनी १९७७ साली अमेरिकेत ते दाखविले. येथे शेकडा दहाहूनही अधिक शक्ती जाऊ शकते. मात्र उष्णतेने ती परतते. उन्हाने न्यावे आणि उष्णतेने द्यावे, हा खेळ आम्हांस मोठा मौजेचा वाटला.

आता हिशेब पाहू. स्वच्छ उन्हात तीन किलोवॅटचे फलक दिवसाला सुमारे १२ युनिट देतात. त्यातील शेकडा दोन म्हणजे पाव युनिट. याहून अधिक हानी फलकावर साचलेली लाल धूळ करील आणि आषाढातले ढग तर विचारूच नका. पेडण्यात मोपाच्या विमानतळावर, ज्याचे उद्घाटन डिसेंबर २०२२ मध्ये झाले, सौरविद्युत् केंद्र आहे. पावसाळा त्यालाही चुकलेला नाही.

त्या गृहस्थांनी विक्रेत्याला 'बोरॉन की गॅलियम?' असे विचारले. तो गोंधळला व कारखान्याला विचारून दोन दिवसांनी सांगतो म्हणाला. उत्तर गॅलियम असे आले. फलक बसले असून मुलगा मीटरचे आकडे रोज वहीत टिपून ठेवतो.