दिव्यांग बालक आणि कुटुंबाची झोप

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू व तलासरी तालुक्यांत भूकंपाचे धक्के बसू लागले. धुंदलवाडी परिसरातील कित्येक कुटुंबांनी त्या हिवाळ्यातील रात्री तंबूत किंवा उघड्यावर काढल्या. झोपमोड म्हणजे काय, हे त्या वेळी गावोगाव कळले. ज्या घरात स्वमग्न, बौद्धिक दिव्यांग किंवा मेंदूचा पक्षाघात झालेले बालक आहे, तेथे अशी रात्र वर्षानुवर्षे येत असते.

बालकाचे हे जागरण हट्टामुळे वा आईच्या हयगयीमुळे होत नसते. स्वमग्न मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांना झोपेचा त्रास असतो. मेंदूच्या पक्षाघातात स्नायू आखडून दुखतात. मुलाला स्वतः कूस बदलता येत नाही, म्हणून आईला वारंवार उठावे लागते. काही बालकांना झोपेत फेफरे येते. डाउन सिंड्रोम असलेल्या अनेकांचा श्वास अडखळतो.

सकाळी हीच आई भातशेतीत किंवा चिकूच्या वाडीत मजुरीस जाते. सारे कुटुंब एकाच खोलीत निजत असल्यास भावंडेही जागतात. सहा ते बारा वर्षांच्या मुलास ९ ते १२ तास झोप हवी. म्हणून वर्गात पेंगणाऱ्या मुलास रागावण्यापूर्वी शिक्षकांनी त्याच्या घरची चौकशी करावी.

'मुलास वेगळ्या खोलीत निजवा' हा सल्ला अशा घरांत निरुपयोगी होय. उठण्याची वेळ ठरलेली असावी. जेवण, हातपाय धुणे, अंथरूण हा क्रम रोज तोच ठेवावा. निजण्यापूर्वी तासभर मोबाइल बंद व दिवा मंद करावा. जागरणाची पाळी वडील व आजी यांनीही वाटून घ्यावी. श्वास अडखळणे किंवा झटके दिसल्यास त्वरित डॉक्टरांस दाखवावे. झोपेचे औषध आपल्या मनाने कदापि देऊ नये.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा, तर शाळेतील मुलांची एकदा तपासणी अपेक्षित आहे. त्या वेळी वजन-उंचीबरोबरच 'मूल रात्री झोपते का? आणि तुम्ही?' हे दोन प्रश्न विचारले जावेत. ग्रामपंचायतींनी दिव्यांगांसाठी राखावयाच्या ५ टक्के निधीचा विचार करताना या कुटुंबांची आठवण ठेवावी.

याच डहाणू तालुक्यातील कोसबाड येथे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी शाळेत न येणाऱ्या आदिवासी मुलांपर्यंत शाळा नेली. तपासणीस न येणाऱ्या मातेपर्यंत आपणही त्याच वाटेने गेले पाहिजे.