हटवलं कोणी?

चि. सायली,

तुझी ओढ्याकाठच्या वस्तीची बातमी वाचली. ‘ओढ्यालगतच्या झोपड्या हटवण्यात आल्या’ हे पहिलं वाक्य व्याकरणाला धरून आहे, पण त्यात माणूसच नाही. ना हटवणारा, ना घर गेलेला. माझी नोकरी प्रुफं तपासण्यात गेली, म्हणून चार गोष्टी सांगतो.

‘हटवणे’ हे अडथळ्याचं क्रियापद. रस्त्यात पडलेलं झाड हटवतात, बेकायदा फलक हटवतात. तेच झोपडीला लावलंस की ती अडथळाच ठरते. बातमीआधी निकाल लागतो. ‘हलवणे’ सौम्य आहे. रुग्णाला मोठ्या दवाखान्यात हलवतात, पुरात अडकलेल्यांना शाळेत हलवतात. त्यात काळजी गृहीत असते आणि पुढचं ठिकाणही. कुठे हलवलं हे सांगता येत नसेल, तर हा शब्द वापरू नकोस. ‘हुसकावणे’मध्ये दांडगाई आहे, ती कोणी पाहिली हे बातमीत यायला हवं. ‘बेदखल करणे’ लिहिण्याआधी ताबा कोणाचा होता, याचा कागद बघ. हकालपट्टी पक्षातून होते, उचलबांगडी अधिकाऱ्याची होते. दोन्हींत पद जातं, घर नव्हे.

‘स्थलांतर’ आणि ‘विस्थापन’ यांतही गल्लत करू नकोस. ऊसतोड कामगार बीडकडून कारखान्यांवर जातात आणि गाळप हंगाम संपला की परततात, ते स्थलांतर. पोटासाठी नाइलाजाने केलेलं असलं, तरी मागे गाव असतं. कोयनेच्या शिवसागर जलाशयाखाली ज्यांची गावं गेली, त्यांना परतायला जागाच उरली नाही, ते विस्थापन. सरकारी पत्रकात दुसऱ्यासाठी पहिला शब्द आला, तर तो जसाच्या तसा उचलू नकोस.

धरणग्रस्तांच्या तोंडी मात्र वेगळीच भाषा असते. ‘आमचं गाव उठलं’, ‘जमीन धरणात गेली’ असं ते म्हणतात. ज्याचं गेलं त्याने कसं बोलावं, हे आपण ठरवायचं नाही. ते शब्द अवतरणात तसेच ठेव. तुझ्या स्वतःच्या वाक्यात मात्र ‘उठलं’ नको, ‘उठवलं’ हवं. एका ‘व’ने वाक्याला कर्ता लागतो आणि तो शोधणं हेच तुझं काम.

मुळशीचंच घे. ‘मुळशी पेट्यातली गावं पाण्याखाली गेली’ हे खोटं नाही. पण मुंबईला वीज पुरवण्यासाठी टाटा कंपनीने तिथे धरण बांधायला घेतलं, ब्रिटिश सरकारने भूसंपादनाच्या कायद्याने तिला जमिनी मिळवून दिल्या आणि १९२१ साली मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला, ज्याचं नेतृत्व पुढे सेनापती बापटांनी केलं, असं लिहिलं की कोणी घेतलं, कोणी दिलं आणि कोण आडवं आलं, ते वाचकाला कळतं. पहिल्या वाक्यात फक्त पाणी दिसतं.

कर्ता लिहिला म्हणजे आरोप केला, असं समजू नकोस. अतिक्रमण काढण्याचा आदेश कायदेशीर असू शकतो. तसं असेल तर तेही लिही. तेव्हा पुन्हा त्या वस्तीवर जा. नोटीस कोणत्या तारखेची, सही कोणाची, मुदत किती दिली आणि रात्री माणसं झोपली कुठे, एवढं विचारून ये. मग पहिलं वाक्य नव्याने लिही आणि छापायच्या आधी मला पाठव.

तुझा,
मामा