पिणारा अल्पवयीन, आरोपी बाप?

प्रश्न : माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे. स्कूटर माझ्या नावावर, चावी फ्रिजवर पडलेली असते. त्याच्या वर्गातला एक मुलगा पार्टीहून परतताना नाकाबंदीत सापडला. आमच्या सोसायटीत काहीजण म्हणतात, 'अल्पवयीन आहे, काही होत नाही.' काहीजण म्हणतात, 'चांगला वकील दिला की मशीनवरच केस उडते.' खरे काय?
— एक पालक, नाशिक

उत्तर : मुलाला फारसे होत नाही हे बरेचसे खरे. होते ते तुम्हाला.

2019 साली मोटार वाहन कायद्यात 199-अ हे कलम आले. अल्पवयीनाने गाडी चालवून या कायद्याखालचा गुन्हा केला, तर त्याचा पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो : तीन वर्षांपर्यंत कैद, 25,000 रुपये दंड आणि गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. एरवी गुन्हा शाबीत करणे सरकारी पक्षाचे काम. इथे तुमची संमती होती असे न्यायालय धरूनच चालते. आपल्याला कल्पना नव्हती किंवा आपण पुरेशी खबरदारी घेतली होती, हे तुम्ही सिद्ध करायचे. फ्रिजवर चावी ठेवणाऱ्याने ते कसे करावे, मला तरी सुचत नाही.

आता श्वासातली दारू मोजणारे मशीन. शंभर मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमहून जास्त मद्यार्क आढळला तर कलम 185 लागते : पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. अमेरिकेत एकवीस वर्षांखालच्यांसाठी वेगळी, जवळजवळ शून्याची मर्यादा असते. आपल्याकडे सर्वांना एकच. इथे बचावाला खरोखर जागा आहे. अटक केल्यावर दोन तासांत वैद्यकीय तपासणी झालीच पाहिजे, नाहीतर सोडावे लागते. तोंडाला वास येतो, झोक जातो, एवढ्यावर नशा सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात 1971 मध्ये म्हटले होते. पण समजा, वकिलाने दारूचा आरोप उडवला. मुलाकडे परवाना नव्हता, त्याचे काय? सोळाव्या वर्षी चालवता येते ती 50 सीसीपर्यंतचीच दुचाकी, आणि तीही परवाना काढून. तुमची स्कूटर बहुधा तशी नसणार. म्हणजे विनापरवान्याचा गुन्हा राहतो, आणि 199-अ लागायला तेवढा पुरतो. त्या कलमाला दारूची गरजच नाही.

मुलाचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. समुपदेशन, समाजसेवा, फार तर तीन वर्षांपर्यंत विशेष गृह. पुढे नोंदही पुसली जाते. त्याला खरा फटका बसतो तो दुसरीकडे : पंचविसाव्या वर्षापर्यंत त्याला परवाना मिळत नाही, शिकाऊसुद्धा नाही.

कोणी दगावले तरी हे फारसे बदलत नाही. पुण्यात कल्याणीनगरला मे 2024 मध्ये पोर्शच्या धडकेत दोन तरुण अभियंते गेले. सतरा वर्षांच्या मुलाला मिळालेल्या जामिनातली तीनशे शब्दांच्या निबंधाची अट सगळ्यांना आठवते. त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालवण्याची पोलिसांची मागणी मंडळाने जुलै 2025 मध्ये फेटाळली. लोक चिडले, पण यामागे 2020 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे : किमान सात वर्षांची शिक्षा असलेलाच गुन्हा प्रौढासारखा खटला चालवण्याइतका 'अघोरी' ठरतो, आणि सदोष मनुष्यवधाला तशी किमान शिक्षा नाही. मात्र रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना आणि आईवडिलांना अटक झाली. जामिनानंतर निरीक्षणगृहात ठेवलेला मुलगा सुमारे महिन्याभरात बाहेर आला. वडील त्याहून कितीतरी जास्त काळ तुरुंगात राहिले.

विम्याचेही ऐकून ठेवा. अपघातग्रस्तांना कंपनी भरपाई देते, पण चालकाकडे परवाना नसेल तर ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. दंडाचे 25,000 त्यापुढे किरकोळ वाटतील.

राहिली ती पार्टी. महाराष्ट्रात बिअरसाठी वय एकवीस लागते, कडक दारूसाठी पंचवीस. अल्पवयीनाला दारू देणाऱ्याला बाल न्याय कायद्यात सात वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. तेव्हा बाटली कोणाच्या घरी उघडली, हेही पोलीस विचारतील. त्या वेळी 'गाडी ड्रायव्हर चालवत होता असे सांगा' असा सल्ला देणारा कोणीतरी भेटतोच. पुण्याच्या प्रकरणात ड्रायव्हरवर असाच दबाव आणल्याचा वेगळा गुन्हा नोंदला गेला.