ऑनलाइन गणित शिकवणी : साधने आणि अभ्याससाहित्य

गणित म्हटले की आपल्या अनेक घरांतील मुलांच्या पोटात गोळा येतो. दहावीला गणित भाग १ म्हणजे बीजगणित आणि भाग २ म्हणजे भूमिती, यांची प्रत्येकी ४० गुणांची लेखी परीक्षा असते. उरलेले २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे. पुढे पॉलिटेक्निकला जा, विज्ञान शाखेला जा की पोलीस भरतीची लेखी परीक्षा द्या, गणित पाठ सोडत नाही. पाटणबोरी, करंजी किंवा पांढरकवड्याच्या आसपासच्या खेड्यातील शेतमजुराच्या मुलीला शिकवणीसाठी यवतमाळ-नागपूर गाठणे परवडणारे नाही. मार्च २०२० मध्ये शाळा बंद पडल्या, तेव्हापासून मोबाईलवरची शिकवणी आपल्या वस्त्यांपर्यंत आली. दूरचा शिक्षक घरात आला, ही मोठीच सोय झाली. परंतु ती पुरती उपयोगी पडावी म्हणून काय जवळ हवे, याचा विचार आम्हांला येथे करावयाचा आहे.

विद्यार्थी मित्रांनो, एक उदाहरण घ्या. क्ष² − ५क्ष + ६ = ० हे वर्गसमीकरण सोडवून एखादा विद्यार्थी −२ आणि −३ असे उत्तर सांगतो. शिक्षक म्हणतात, "चूक. उत्तर २ आणि ३." विद्यार्थी "समजले सर" म्हणून मोकळा होतो. वर्गात शिक्षकाने वहीत डोकावले असते, तर त्याने (क्ष − २)(क्ष − ३) = ० पर्यंत बरोबर येऊन शेवटी चिन्हाची गफलत केली, हे लगेच दिसले असते. मोबाईलवर शिक्षकाला मुलाचा चेहरा दिसतो, वही दिसत नाही. म्हणून आमचे सांगणे एकच आहे : आपली वही शिक्षकाला दिसेल, अशी व्यवस्था प्रथम करा.

१) वही दाखविण्याची सोय : पुस्तकांच्या दोन चळती रचून त्यांवर दोन लांब मोजपट्ट्या आडव्या ठेवा आणि मोबाईलचा मागचा कॅमेरा खाली वहीकडे राहील असा तो त्यांवर ठेवा. विकतच्या स्टँडवाचून काम भागते. पेन्सिलीऐवजी गडद शाईचे पेन वापरा. घरात जुनी पाटी असेल तर फारच उत्तम. खडूचे ठळक अक्षर कॅमेऱ्यात स्वच्छ दिसते. उजेड बाजूने येऊ द्या, म्हणजे वहीवर सावली पडत नाही.

२) लेखनसाहित्य : चौकटीची वही, आलेख कागद, कंपास, कोनमापक, गुण्या व मोजपट्टी तासापूर्वी समोर असावीत. भूमितीची रचना हाताने केल्याशिवाय येत नाही. सर्वसाधारण विद्यार्थ्याला दहावीच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, तेव्हा त्याची सवय लावून घेऊ नका.

३) आवाज, वीज आणि डेटा : माइक असलेला साधा वायरचा इअरफोन घ्या, म्हणजे घरातील गलबला आड येत नाही. वीज जाण्याचा भरवसा नाही, म्हणून मोबाईल आधीच पूर्ण चार्ज करून ठेवा. चित्रासह तासाला बराच डेटा लागतो. शिक्षक समजावीत असताना आपला कॅमेरा बंद ठेवावा आणि वही दाखविताना तेवढा सुरू करावा. झूमच्या विनामूल्य सेवेत तास ४० मिनिटांनी तुटतो, हे ध्यानात ठेवून अवघड शंका आरंभीच विचाराव्यात.

४) विनामूल्य अभ्याससाहित्य : बालभारतीच्या संकेतस्थळावरून पाठ्यपुस्तके पीडीएफ स्वरूपात पैसे न देता उतरवून घेता येतात, एकदा उतरविली की नेटवाचून उघडतात. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड २०१७ साली सुरू झालेल्या दीक्षा ॲपने स्कॅन केले असता त्या पाठाचे साहित्य मिळते. पुस्तकांत असे कोड वापरण्याचा प्रयोग सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी केला होता. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. लहान शाळेतून मोठे काम होते, हे त्यातून शिकावे. वर्तुळ, स्पर्शिका, आलेख समजून घेण्यास जिओजेब्रा हे विनामूल्य साधन उपयोगी आहे.

आता पालकांस विनंती. घरात मोबाईल एकच असतो आणि तो वडिलांबरोबर शेतात किंवा कामावर जातो. तासाची वेळ शिक्षकांना विचारून संध्याकाळची ठरवून घ्या आणि तेवढा वेळ मोबाईल मुलांचा, असा नियम करा. भाऊ-बहीण दोघेही शिकत असतील, तर मुलीचा तास आधी बुडतो, असे आम्ही पाहतो. तसे होऊ देऊ नका. जागेची अडचण सांगू नये. परळच्या चाळीतील एका खोलीत सुभेदार रामजी स्वतः रात्री दोनपर्यंत जागत आणि मग अभ्यासासाठी भीमरावांना उठवीत. जागा नव्हती, तेव्हा त्या पित्याने वेळ वाटून दिली.

शेजारच्या दोन-तीन मुलांनी एका मोबाईलवर मिळून तास करावा. मात्र वही प्रत्येकाची स्वतंत्र असावी. तास संपल्यावर त्याच दिवशी पाच उदाहरणे न पाहता सोडवावीत आणि चुकलेल्या पायरीखाली लाल रेघ ओढून ती पुढच्या तासाला शिक्षकांना दाखवावी. लाल रेघेची लाज बाळगू नका. जी चूक शिक्षकाला दिसली ती सुटते. जी लपली ती परीक्षेत भेटते.