आयुष्मान कार्ड : मदत कोणाकडे मागावी?

आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत पात्र कुटुंबास दरवर्षी ५ लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार विनामूल्य मिळतात. ७० वर्षे व त्यावरील ज्येष्ठांना उत्पन्नाची अट नाही.

रुग्णास दाखल करण्याच्या घाईत ‘काम करून देतो’ असे सांगून पैसे मागणाऱ्या मध्यस्थाच्या हाती कागदपत्रे देऊ नका. सूचीबद्ध रुग्णालयातील आरोग्यमित्रास भेटा. तो पात्रता तपासून पुढील साहाय्य करतो व त्यासाठी शुल्क लागत नाही. रुग्णालय सूचीबद्ध आहे काय, हे १४५५५ या निःशुल्क क्रमांकावर आधीच विचारावे. अनोळखी व्यक्तीस दूरध्वनीवर ओटीपी सांगू नये. योजनेतील उपचारासाठी पैसे मागितल्यास पावती जपून ठेवा व याच क्रमांकावर तक्रार नोंदवा. उपचार हा आपला हक्क आहे. त्यासाठी कोणाची मर्जी सांभाळण्याची आवश्यकता नाही.